जोडीनंच आत या

नदी आमच्या सातपुड्यातल्या पाड्यात शिरली, तेव्हा सगळे टेकडीवरच्या चर्चकडे पळालो. दारात झुगलीआजी काठी आडवी धरून उभी. महापुरात प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी वाचवणाऱ्या नोहाच्या तारवाची गोष्ट पाद्रीबाबा दर पावसाळ्यात सांगायचे, ती तिनं मनावर घेतली होती.

"जोडीनंच आत या!" ती ओरडत होती. कोंबडा-कोंबडी, बोकड-शेळी, नवरा-बायको आत गेले. मी विधुर, थावरी विधवा. आम्ही बाहेर भिजत राहिलो.

आमचं लग्न पाद्रीबाबांनीच अडवलेलं. बायबलातल्या देवाच्या दहा आज्ञा पाठ म्हणून दाखव, मग लग्न लावतो, म्हणायचे. सहावीच्या पुढं माझी गाडी जातच नव्हती.

तेवढ्यात तेच चिखलानं माखून वर आले. आजीनं त्यांनाही अडवलं.

"अगं, मला तरी सोड!"

"आधी या दोघांची जोडी लाव. मग बघते."

"पण त्या आज्ञा..."

"पाणी थांबणार आहे का आज्ञांसाठी?" थावरी कडाडली. "पाठ मी करून घेईन याच्याकडून. रोज, भाकरी वाढायच्या आधी."

पाद्रीबाबा हसले. पावसातच, पायरीवर उभं राहून त्यांनी प्रार्थना म्हटली आणि थावरीचा हात माझ्या हातात दिला. आजीनं काठी उचलली. आम्ही आत शिरलो.

मागोमाग ते निघाले, तर काठी पुन्हा आडवी.

"तू एकटाच की रे बाबा!"

आतून हशा पिकला. पाद्रीबाबांनी इकडंतिकडं पाहिलं. बाहेर फक्त औषधांच्या पेट्या वाहणारी मिशनची गाढवी उरली होती. त्यांनी मुकाट्यानं तिचं दावं धरलं.