पट्ट्यावरची भाकरी

"चामड्याचा न्हाय ना पट्टा?" काशम्मानं चुलीजवळूनच विचारलं.

"सुताचा हाय. वर धुवट मांजरपाट शिवलाय," सिद्रामप्पा म्हणाला आणि हँडल धरून भिंतीशी बसला.

सात रस्त्याच्या मागं काशम्माची खानावळ. खोली बोळासारखी, अरुंद नि लांब. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला भिंत. आज चुलीपासून भिंतीपर्यंत एक लांब फळी टाकलेली, आणि फळीवरून हा पट्टा, दोन लाकडी रुळांवर ताणलेला. दुपारची गिऱ्हाइकं फळीला लागून ओळीनं मांडी घालून बसली होती. आमटी-भाजी ज्यानं त्यानं चुलीपाशी जाऊन वाढून घेतलेली. भाकरी तेवढी पट्ट्यावरून यायची होती.

हे खूळ मिलमधलं. सिद्रामप्पाची सगळी नोकरी तिथं फिटर म्हणून गेली. जपानला जाऊन आलेल्या एका साहेबानं त्याला सांगितलं होतं, की तिकडं एका हॉटेलात जेवण पट्ट्यावरून फिरतं, माणूस बसल्या जागी उचलून खातो. फिरतं काय, तर भातावर ठेवलेला कच्चा मासा. ते ऐकून काशम्मानं "शिव शिव" म्हणत कानाला हात लावला होता. सिद्रामप्पाच्या डोक्यात मासा नव्हताच. त्याच्या डोक्यात बायकोचे गुडघे होते.

गुडघे पार गेले होते तिचे. बहात्तरच्या दुष्काळातही जी चूल विझली नाही, ती आता काशम्मा स्वतःच बंद करायला निघाली होती. वाढायला उठता येईना तर खानावळ कशाची, असं तिचं म्हणणं. आजचा दिवस बघायचं, जमलं तर जमलं, न्हायतर उद्यापासून कुलूप, असं तिनं सकाळीच बजावून ठेवलं होतं.

पहिली भाकरी निघाली. टांगेवाल्या बिरप्पानं ती वरच्यावर उचलली.

"आक्का, तव्यावरनं थेट हातात आली की."

मग सगळेच उचलायला लागले. पट्टा भिंतीपर्यंत जायचा, सिद्रामप्पा हँडल उलटं फिरवायचा, की पट्टा परत चुलीकडं यायचा. मागातला धोटा जावा-यावा तसा. मंडळी एकदम खूश.

काशम्माचं तोंड मात्र उतरलेलं. पट्टा चालत नव्हता असं नाही. झकास चालत होता, तेच तिला सलत होतं. आतापर्यंत ती ओळीतून हिंडायची. कुणी नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर हाताखालून भाकरी सरकवायची. आणि प्रत्येकाला विचारायची, "ऊटा आतेन?" जेवण झालं का, एवढंच. पण ते कानडीत विचारलं की पोटातनं विचारल्यासारखं तिला वाटायचं. पट्टा कुणाला काय विचारणार?

"कोण जेवलं, कोण लाजतंय, मला हितनं काय कळतंय," ती पीठ थापता थापता म्हणाली. "गोठ्यात वैरण टाकल्यागत झालं हे. उद्यापासून बंदच करू या."

सिद्रामप्पानं ऐकलं. त्या घरात बोलायचं खातं पहिल्यापासून काशम्माकडं होतं. हँडल तेवढं जरा जड फिरायला लागलं.

गिऱ्हाइकांची जेवणं संपत आली, तशी एक भाकरी पट्ट्यावरून परत आली. कुणीच न उचललेली. काशम्मानं ती हातात घेतली.

"ही का परत आली? कोण उपाशी हाय?"

"आमी सगळे टम्म झालोय, आक्का," बिरप्पा म्हणाला.

तिचा विश्वास बसेना. आपल्या भाकरीला नको म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर लाजतो, हे तिचं ठाम मत. तिनं भाकरीवर शेंगाची चटणी ठेवली, वर तेल सोडलं आणि भाकरी पुन्हा पाठवली. भाकरी एकेकासमोरून गेली. कुणी हात लावला नाही. भिंतीशी पोचली. सिद्रामप्पानं दोन्ही हात हँडलवर ठेवून भाकरीकडं नुसतं पाहिलं, आणि हँडल उलटं फिरवलं.

तेव्हा काशम्माच्या ध्यानात आलं. सकाळपासून हा माणूस रूळ बसवतोय, पट्टा ताणतोय, फिरवतोय. पोटात अन्नाचा कण नाही. रोज सगळ्यांच्या मागनं दोघं जेवायची, म्हणून आजही थांबलेला. आणि आपण त्याला बंद करायचं ऐकवलं. तिला फार वाईट वाटलं.

परत आलेल्या भाकरीवर तिनं चटणीशेजारी गुळाचा खडा ठेवला.

"ही मालकांची हाय," तिनं ओळीला बजावलं. "कुणी हात लावायचा न्हाय."

"घ्या की अण्णा," बिरप्पा हसत म्हणाला. "आक्का धाडतीय."

भाकरी भिंतीशी गेली. पट्टा थांबला. बराच वेळ थांबला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. मग हँडल कुरकुरलं आणि पट्टा चुलीकडं निघाला.

काशम्मापुढं अर्धी भाकरी येऊन थांबली. चटणी अर्धीच होती. गूळ मात्र सगळाच्या सगळा परत आला होता.

"ऊटा आतेन?" भिंतीकडून सिद्रामप्पानं विचारलं. मिलच्या खडखडाटात बोलून त्याचा आवाज मोठा झालेला, साऱ्या खोलीला ऐकू गेला.

काशम्मानं आजवर हे कितीजणांना विचारलं असेल. तिला कुणी विचारल्याचं आठवेना. पिठाच्या हातानंच तिनं भाकरीचा तुकडा मोडला, गूळ लावून तोंडात घातला, आणि सावकाश चावला.

"आता होतंय," ती म्हणाली. "उद्या जरा हळू फिरवा. लाजणाऱ्या माणसाला उचलायला येळ लागतो."