दहाचे तीन

"पुन्हा एकदा लावा," सुचित्राताई म्हणाल्या आणि वॉल्टरनी तीच क्लिप चौथ्यांदा लावली.

पडद्यावर वीर पेंडसेचा हात समोरच्या खेळाडूच्या जबड्यावर आदळला. रग्बी लीगमध्ये टॅकल करताना, म्हणजे समोरच्याला धरून पाडताना, हात खांद्याच्या खाली लागला पाहिजे. वर गेला की बंदी. तीन आठवड्यांपूर्वी याच समितीनं वीरला दहा सामन्यांची बंदी घातली होती. म्हणजे उरलेला सगळा सीझनच. आज शॉमबर्गमधल्या या ऑफिसात त्यावरचं अपील होतं.

समितीत तिघं होते. वॉल्टर जुने रेफरी, दुसरा एक निवृत्त खेळाडू आणि सुचित्राताई हाडांच्या डॉक्टर. नागपूर सोडून परदेशात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती. बाकीचे दोघं तेव्हा सहा सामन्यांवर थांबायला तयार होते. दहाचा आग्रह सुचित्राताईंनीच धरला होता. मराठी आडनाव पाहून बाई विरघळल्या असं कुणी म्हणू नये म्हणून. ते त्यांना खात होतं. चौतिसाव्या वर्षी सीझन हातचा गेला, तर त्या मुलाला पुढच्या वर्षी कोण घेणार?

आजची क्लिप दुसऱ्या कॅमेऱ्यातली होती. हात पोचायच्या जरा आधी समोरच्याचा पाय घसरला होता, तो वीतभर खाली आला होता. अशा वेळी शिक्षा कमी करता येते, असं नियमातच होतं. हा कॅमेरा त्यांनी पहिल्या वेळी मागितलाच नव्हता.

वीरला आत बोलावलं. सोबत त्याची बायको अनया आणि क्लबचा वकील. वकीलच बोलत होता. वीरचा चेहरा ओढलेला होता. मॅच कुणाविरुद्ध होती, असं वॉल्टरनी विचारलं तर त्याला नाव पटकन सुचेना. अनयानं हळूच सांगितलं. बंदीनं माणूस किती खचतो, सुचित्राताईंच्या मनात आलं.

तुला काही सांगायचंय का, असं त्यांनी अनयालाही विचारलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग वकिलाकडे. नाही म्हणून मान हलवली.

दार बंद झाल्यावर तासभर वाद चालला. जबडा तो जबडाच, पाय घसरो की न घसरो, यावर वॉल्टर अडून बसले होते. सुचित्राताईंनी नियम वाचून दाखवला. तरी ते ऐकेनात. शेवटी, मागच्या वेळी मी टॅकलचा नाही, आडनावाचा निकाल दिला, हे सुचित्राताईंनी कबूल करून टाकलं. मग वॉल्टरनी कागदावरचे दहा खोडून तीन लिहिले. तीन सामने तर होऊनही गेले होते.

निकाल ऐकून वीरनं दोन्ही हातांनी सुचित्राताईंचा हात धरला. अनयानं तोंडावर हात ठेवला, तिचे डोळे भरून आले. घरी ड्राइव्ह करताना सुचित्राताईंना तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

शनिवारी त्यांनी मॅच लॅपटॉपवर लावली. विसाव्या मिनिटाला वीरनं टॅकल केला. खाली वाकून, कमरेला धरून, बोट ठेवायला जागा नाही असा. त्याचं डोकं समोरच्याच्या मांडीवर आपटलं. समोरचा उठला. वीर उठला नाही.

सुचित्राताई हॉस्पिटलमध्ये पोचल्या तेव्हा अनया आयसीयूबाहेर एकटीच बसली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता, ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. सुचित्राताई तिच्याशेजारी बसल्या.

"त्याचा सीझन वाया जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं गं," त्या म्हणाल्या.

अनया बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता.

"अपील क्लबनं केलं होतं, काकू. जानेवारीत डोक्याला मार बसला, तेव्हापासून वीर घरचा रस्ता चुकत होता. कुणाला सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली होती. तुम्ही दहा सामने दिलेत ना, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती."