शेवटच्या खेपेचे फटाके

मल्केही नावाचा लाइनवरचा मुकादम फलाटाच्या टोकाशी उभा होता. एनिड टॉलहर्स्टची नजर त्याच्या खांद्यावरच्या पिशवीवरून हलत नव्हती.

पिशवीत रुळावरचे फटाके होते. धुक्यात ड्रायव्हरला सावध करायला ते रुळाला बांधतात. चाक वर चढलं की फुटतात. बरूंडा गावात ड्रायव्हरच्या पहिल्या आणि शेवटच्या खेपेलाही मान म्हणून ते बांधत. आज एनिडच्या नवऱ्याची, क्लॅरीची, शेवटची खेप होती.

निम्मं गाव आलं होतं, रविवारच्या कपड्यांत. तिला इतक्यांची अपेक्षा नव्हती. मोठ्या संपात सगळे घरी बसले तेव्हा क्लॅरीने इंजिन चालवलं होतं. गाव रेल्वेचं. बेकर आणि पाद्री तेवढे रेल्वेत नव्हते, पण जगत तेही रेल्वेच्याच पगारावर. संपापासून बेकरने टॉलहर्स्टांना पाव विकला नव्हता. त्यांचा पाव पुढच्या स्टेशनाहून गार्डच्या डब्यातून यायचा.

पश्चिमेला धूर दिसला.

"मल्केही," ती म्हणाली, "आता बांधायला हवेत ना?"

"बांधणार की, मिसेस टॉलहर्स्ट. उगाच ओझं वाहतोय होय मी?"

त्याने उत्तर दिलं याचंच तिला नवल वाटलं. मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं.

मल्केही जागचा हलला नाही. गव्हाच्या वाघिणी ओढत गाडी आली आणि फलाटाला लागली. एकही फटाका वाजला नाही.

क्लॅरी उतरून तिच्याकडे आला. जन्मभर इंजिनावर राहून त्याचे कान गेले होते.

"वाजले का गं?" त्याने मोठ्याने विचारलं. "वाफेच्या आवाजात मला कळलं नाही."

इंजिनाच्या आवाजातही ऐकू यावेत असेच ते फटाके बनवलेले असतात. त्याला हे तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"अजून नाही," ती म्हणाली. कारण मल्केही आता इंजिनापुढे जाऊन रुळाशी ओणवा झाला होता.

बरूंडाला ड्रायव्हर बदलत. डन्स्टनांचा पर्सी त्याच इंजिनावर चढला. ड्रायव्हर म्हणून त्याची पहिली खेप.

"ए पर्सी, ब्रेक कुठला ते विचारून घे रे!" कोणीतरी ओरडलं. त्याच्या आईने रुमाल हलवला आणि फलाटभर रुमाल हलू लागले. लोक कोणासाठी आले होते ते एनिडला तेव्हा कळलं.

गाडी हलली. पहिला फटाका फुटला, दुसरा, मग लागोपाठ कितीतरी. पाठमोऱ्या क्लॅरीलाही ते ऐकू आले. तो गर्रकन वळला.

"वाजवले गं! उशिरा का होईना, वाजवले. मी म्हणत नव्हतो, मल्केही मनाचा वाईट नाही म्हणून?"

त्याने टोपी काढली आणि हात उंच करून लोकांकडे हलवू लागला. पर्सीच्या आईच्या ते लक्षात आलं. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. हसू फलाटभर पसरत गेलं. मल्केही परतला होता. त्याने आपलीही टोपी काढली आणि कमरेत वाकून क्लॅरीला मुजरा केला.

क्लॅरीने हात आणखी उंच केला.

एनिडने तो हात दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला.