शून्य नंबरचा चॅनल

गुडघे गेल्यापासून आईला भाईंदर पश्चिमेच्या घराचे तीन जिने उतरवेनात. मग यतीनने कॉम्प्युटरवरच्या आभासी जगात तिला अंगण बांधून दिलं. रोज संध्याकाळी तिची बाहुली तिथल्या झोपाळ्यावर येई, शेजारी यतीनचा बाहुला असे, आणि दोघं चॅटवर बोलत. म्हणजे आई बोलायची. यतीन रिक्षाच्या अंतरावर, पूनम सागरमधल्या आपल्या घरी, मॅच बघत असायचा. उत्तरं त्याने लिहिलेल्या दोन स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, द्यायच्या. एक ऐकायची, दुसरी बोलायची.

त्या दोन स्क्रिप्टचे आपसातले निरोप लपलेल्या चॅनलवर जायला हवेत. चाचणीपुरता त्याने सगळ्यांना दिसणारा शून्य नंबरचा चॅनल लावला होता. तो बदलायचा राहिलाय, हे आज, तीन महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं.

त्याने घाईघाईने जुनं चॅट उघडलं. ऐकणारीचा निरोप: ‘आईने विचारलं: जेवण. उत्तर चार पाठव.’ त्याखाली बोलणारीचं, ‘हो, जेवलो.’ रोज हेच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यात खाली आईची कालची ओळ होती.

‘यतीन, आज चार नको रे. सात पाठव. त्यात तू मला आई म्हणतोस.’