घुम्या कुणाचा?

"घुम्याला मालक मिळाला नाही, तर सहा वाजता तो बंद होणार," नवी म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांना एकदम कामं आठवली. कुणी फोन कानाला लावला, कुणी रिकामी बाटली उचलून पाणी भरायला निघाला. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असणारा बडबड्यासुद्धा मूग गिळून बसला.

घुम्या हा माणूस नव्हता. कंपनीच्या सॉफ्टवेअरचा कोड ठेवायच्या टूलमधलं, आपोआप चालणारं ते एक खातं होतं. कधीकाळी कुणीतरी ते उघडलं, नोकरी सोडली आणि खातं मागे राहिलं. ना कुणाशी बोलणं, ना कसली तक्रार. दर तासाला औषधांच्या मात्रांची ताजी फाइल उचलायची आणि रुग्णालयांच्या वॉर्डांमधल्या पडद्यांवर पोचवायची, एवढंच त्याचं काम. त्या पडद्यांकडे बघून नर्स सलाइनमधून औषध सोडत.

कंपनीने आता एक यंत्रणा विकत घेतली होती. कोणाला कशात शिरायची मुभा आहे, यावर ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार होती. कोडचं टूल तिला जोडून द्यायचं काम नवीकडे आलं. नवी म्हणजे नोकरीला तीन वर्षं झालेली नवी. तिच्यानंतर कुणाला घेतलंच नाही, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलं. आठवडाभर ती एकेक खातं एकेका जिवंत माणसाच्या नावावर लावत होती. सगळी लागली, घुम्या तेवढा उरला. नियम साधा होता. ज्याला मालक नाही, ते खातं बंद. मुदत आज सहाची, आणि ती रुग्णालयांना लिहून दिलेली. पुढे ढकलायची सोय नव्हती.

दुपारी विभागाचे साहेब आले ते हसतच. तेव्हाच नवी सावध झाली.

"तूच घे ना. त्याची नस न् नस तुला माहीत. आणि आम्ही आहोतच की पाठीशी."

"साहेब, मालक म्हणजे उद्या मात्रा चुकली तर पहिली मान माझी."

"छे गं! तसं कोण बघतंय?"

पाठीशी असलेले साहेब बोलता बोलता दारापर्यंत पोचलेसुद्धा.

ती जिन्यात गेली आणि तिने दादाला फोन लावला. त्याचं काम सुटल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

"अजिबात हात लावू नकोस," दादा म्हणाला. "कपात होणार म्हणतेस ना तुमच्याकडे? अशा वेळी कुणी नसतं घोंगडं गळ्यात घेतं का? सगळे गप्प आहेत तशी तूही गप्प बस."

"आणि वॉर्डांचं काय?"

"ते कंपनी बघेल. आपल्या घरात कमावणारी तू एकटी आहेस."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

ती जागेवर येऊन बसली. पडदे काळे झाले असते तर बरं होतं. नर्सनी आरडाओरडा तरी केला असता. पण पडदे काळे होणार नव्हते. मागच्या तासाची मात्रा तशीच दाखवत राहणार होते, आणि खाटेवरच्या माणसाला मधल्या वेळात काय झालं, याचा त्यांना पत्ता नसणार होता. तिने मान वळवून खोलीभर पाहिलं. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसले होते. सहाला दोन मिनिटं कमी होती. सगळ्यांना मनातल्या मनात एक सणसणीत शिवी देऊन तिने मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. जबाबदारी मान्य आहे का, यंत्रणेने विचारलं. तिने बटण दाबलं.

सहा वाजले. घुम्याने निमूटपणे फाइल पोचवली. वॉर्डांची काळजी मिटली आणि तिला घराची भीती वाटू लागली. आता दादाला काय सांगायचं?

तेवढ्यात एचआरच्या मॅडमनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. साहेब आधीच आत होते. ते टेबलाकडे बघून बोलले.

"वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या विभागातून एक माणूस कमी करायचाय. तुझं नाव मी सकाळीच दिलंय."

सकाळीच! म्हणजे दुपारचा तो लाडीगोडीचा आवाज त्यासाठी होता. घुम्या हिच्या गळ्यात बांधला की उद्या काही झालं, तरी दोष देऊन टाकायला गेलेलं माणूस तयार. तिला किंचाळावंसं वाटलं.

तिला कमी करायला मॅडमनी यंत्रणेत तिचं नाव टाइप केलं. मग पुन्हा केलं.

"होत नाहीये," त्या म्हणाल्या. "यांच्या नावावर चालू खातं आहे. ते दुसऱ्या कुणी घेतल्याशिवाय यंत्रणा यांना सोडत नाही."

"हात्तिच्या! मग द्या कुणाला तरी." साहेबांनी दार उघडून आवाज दिला. "घुम्या कोण घेतंय?"

बाहेर एकही मान वर झाली नाही.

"तुम्हीच घ्या की," मॅडम म्हणाल्या.

"मी?" साहेबांनी विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला. "मी असल्या भानगडीत पडत नाही."

"पण वर एक नाव आजच कळवायचंय." मॅडम एकेक नाव तपासत खाली गेल्या. बाहेरच्या प्रत्येकाच्या नावावर काही ना काही होतं, मालकी सोडवून घेतल्याशिवाय कुणीच निघत नव्हतं. शेवटच्या नावाशी त्या थांबल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या नावावर तर काहीच नाही."