आपल्यातला अनुप

“काका, सगळ्यांचं नाव हाकोनच? सो कन्फ्यूझिंग,” जुई म्हणाली.

शाळेतल्या भाषणासाठी तिने नॉर्वेचे जुने राजे निवडले होते आणि आता ती पस्तावली होती. परदेशातल्या उइटहॉर्न गावी, जुईच्या घरात, दर रविवारी अनुप तिथल्या मराठी मंडळाचा मराठी वर्ग घ्यायचा. वर्ग सुटून बाकीची मुलं सायकली काढून गेली की तो जुईच्या अभ्यासाला बसायचा. आठवडाभर लायडनच्या प्रयोगशाळेत तोंड मिटून काम करणाऱ्या माणसाला तेवढीच मौज.

म्हणून तर त्यांना टोपणनावं, त्याने समजावलं. एक हाकोन भला, एक रुंद खांद्यांचा. पहिला, दुसरा हे आकडे नंतरच्या लोकांनी लावले. आणि एक हाकोन नुसता यार्ल, म्हणजे सरदार. देश त्यानेच चालवला, पण त्याला राजा काही कोणी म्हटलं नाही. जुईला हे फार अनफेअर वाटलं. अनुप हसला.

स्वयंपाकघरात जुईची आई शलाका फोन स्पीकरवर ठेवून भजी तळत होती. पलीकडे मंडळाचे अध्यक्ष श्यामकांत होते. वर्गाची आता रीतसर शाळा होणार होती आणि शाळेला मुख्याध्यापक हवा होता. अनुपने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याला ते पद मनापासून हवं होतं. याच घरात सतरंजी अंथरून त्याने हा वर्ग सुरू केला होता.

“मग अनुपचं नाव पक्कं करू,” श्यामकांतांचा आवाज आला. “पण कोणता अनुप? दोघं आहेत ना आपल्याकडे.”

“अहो, आपल्यातला,” शलाका म्हणाली.

अनुपचा चेहरा फुलला. हा शब्द तो लहानपणापासून ओळखून होता. लग्न जमवताना, खोली भाड्याने देताना लोक आधी आडनाव विचारतात, मग आवाज खाली आणून, आपल्यातले का? म्हणजे आपल्या जातीतले का. पण या टेबलाशी इतके रविवार बसल्यावर तो क्षणभर ते विसरला. वेड्यासारखं त्याला वाटलं, आपल्यातला म्हणजे आपणच.

“म्हणजे ॲम्स्टलवेनचा? मुलाची मुंज केली तो?”

“तोच. हा दुसरा आत्ता आमच्याकडेच आहे. नंतर बोलते.”

अनुपच्या बौद्ध घरात कधी कोणाची मुंज झाली नव्हती.

शलाका भज्यांची ताटली घेऊन बाहेर आली. त्या अनुपला मुख्याध्यापक करायचं ठरतंय, तिने सांगितलं. त्याला वेळ नसतो, तेव्हा शिकवायचं मात्र पूर्वीसारखं यानेच बघावं.

“तू काय, घरचाच,” ती म्हणाली.

राबायला घरचा आणि मिरवायला आपल्यातला. अनुपने एक भजं उचललं, नीट चावून खाल्लं. त्याला राग आला होता, पण शलाकापेक्षा जास्त स्वतःच्या त्या फुललेल्या चेहऱ्याचा.

जुईने मात्र सगळं ऐकलं होतं. मराठी तिला नीट समजायची, वर्गाचीच कृपा.

“मम्मा, तू काकाला दुसरा म्हणालीस,” ती म्हणाली. “सो ही इज अनुप द सेकंड? लाइक अ किंग?”

शलाका ताटलीतली भजी उगाचच सारखी करू लागली. अनुप उठला, त्याने जॅकेट चढवलं. पुढच्या रविवारपासून वर्ग नव्या मुख्याध्यापकांनीच घ्यावा, असं त्याने आवाज न चढवता सांगितलं. मग तो जुईकडे वळला.

“राजा कसला गं,” तो म्हणाला. “राजाला आडनाव कोण विचारतं?”