पोस्टकार्डाखालची माणसं

काकासाहेबांनी फोटोतल्या माणसांवर पोस्टकार्ड ठेवलं आणि भिंग उचललं. ही त्यांची रीतच होती. विमान ओळखायचं तर आधी माणसं झाकायची. चेहरे दिसले की मन तिकडं धावतं आणि डोळा फसतो, असं ते म्हणत. त्यांची सगळी नोकरी चिकलठाण्याच्या विमानतळावर गेली होती. आता पडेगावच्या ओसरीवर लोक आजा-पणजाचे फोटो घेऊन येत आणि काकासाहेब नुसत्या शेपटीवरून विमानाची सात पिढ्यांची कुळी आणि फोटोचा काळ सांगत. आपण आजवर चुकलो नाही, हे सांगायलाही ते कधी चुकत नसत.

समोर इब्राहीम आणि नजमुन्निसा बसले होते. एका आईची लेकरं. पण इब्राहीम शहरात चुलत्यांकडं वाढलेले, आणि नजमुन्निसा पैठणला अम्मीच्या माहेरी. ती आपल्या अब्बांची मुलगी आहे, हे इब्राहीमनी कधी मानलं नव्हतं. अम्मीच्या मातीलाही ते पैठणला गेले नव्हते.

फोटोमागची गोष्ट आधी सांगायची नाही, असाही काकासाहेबांचा नियम होता. नजमुन्निसानं तो बसल्या बसल्याच मोडला. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर वर्षभरात अब्बा कराचीला गेले, तेव्हा इब्राहीम पाळण्यात होते. त्रेसष्ट साली अब्बा एकदाच आले. भावांशी बिनसलेलं, म्हणून विमानातून उतरून थेट पैठणला सासुरवाडीत गेले आणि थोड्या दिवसांनी तसेच परतले. पुढच्या वर्षी नजमुन्निसा जन्मली. अब्बा तिकडंच वारले. चुलते मात्र म्हणत, तो परत आलाच नाही. मग ही पोर कुणाची? हा प्रश्न शहरापासून पैठणपर्यंत चघळला गेला. अम्मीकडं उत्तर म्हणून हा एक फोटो होता, आणि चुलत्यांच्या मते तो अब्बा पहिल्यांदा गेले त्या दिवसाचा होता.

आता शुक्रवारी नजमुन्निसाच्या लेकीचा निकाह होता. दुल्हनची मर्जी विचारायला वकील म्हणून आत जायचा मान मामूचा. इब्राहीम आधी नाहीच म्हणाले. मग कुणीतरी भीड घातली तेव्हा म्हणाले, फोटो काकासाहेबांना दाखवू, ते सांगतील ते मला मंजूर.

फोटोची दशा वाईट होती. खालची कड ओलीनं खाल्लेली, वरती काळा पट्टा आलेला. मधे विमानाचं पोट आणि खिडक्यांचे काळे ठिपके, एकामागून एक वर चढत गेलेले.

"डाकोटा," काकासाहेब म्हणाले. "हा शेपूट टेकून बसतो, तोंड आभाळाकडं. म्हणून खिडक्या अशा चढत्या दिसतात. पोलीस ॲक्शनच्या आधीपासूनचं विमान. तुमचे चुलते म्हणत ते खोटं म्हणता येत नाही."

इब्राहीम उठले आणि चपला शोधू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण सुटका होती. काकासाहेबांना बाईची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला. विमानाला कुणाची भीड नसते.

नजमुन्निसा जागची हलली नाही.

"विमान बघितलं तुमी," ती म्हणाली. "आता ते कार्ड उचला. माझे अम्मी-अब्बा बी बघून घ्या जरा."

बाईमाणसाचा शब्द मोडू नये म्हणून काकासाहेबांनी कार्ड उचललं. शेरवानीतला एक उंच माणूस, शेजारी बुरख्याचा नकाब वर केलेली बाई. दोघंही एकाच बाजूला कललेले, डोंगर चढताना झुकावं तसे. काकासाहेबांना हसू आलं, आणि ते तोंडातच विरलं. सपाट धावपट्टीवर दोन धडधाकट माणसं एकाच बाजूला कशाला कलतील?

त्यांनी फोटो हळूहळू फिरवला. शेरवानीच्या गुंड्यांची ओळ सरळ उभी झाली, बाई सरळ झाली, आणि चढणाऱ्या खिडक्या निमूटपणे एका पातळीत आल्या. फोटो काढणाऱ्यानं कॅमेराच तिरका धरला होता. विमान शेपूट टेकून बसलेलं नव्हतंच. सरळ उभं होतं. वरचा काळा पट्टाही ओलीचा नव्हता. तो पंख होता, खिडक्यांच्या वर बसवलेला. डाकोटाचा पंख खिडक्यांच्या खाली असतो.

काकासाहेबांचे कान तापले. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"इब्राहीमभाई, थांबा. मी चुकलो."

एक पाय चपलेत घातलेले इब्राहीम तसेच उभे राहिले.

"हा डाकोटा नाही, फोकर आहे. एकसष्टच्या आधी हे विमान आपल्याकडं नव्हतंच. तुमचे वडील त्यानंतर इथं आलेले आहेत. हे मी कुठंही, कुणाहीसमोर सांगेन."

"आत्ता तर डाकोटा म्हणाला होतात."

"माणसं झाकून बघत होतो ना."

इब्राहीम परत येऊन बसले. त्यांनी फोटो हातात घेतला. पंखाकडं बघितलं, खिडक्यांकडं बघितलं, आणि मग बराच वेळ बुरख्यातल्या बाईकडं बघत राहिले. तिच्याविषयी चुलत्यांकडून जे जे ऐकलं, ते सगळं त्यांनी खरं धरलं होतं. चुलते जाऊन कैक वर्षं झाली होती. भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

शेवटी मान वर न करता त्यांनी विचारलं, "जुम्म्याला निकाह किती वाजता हाय?"

नजमुन्निसानं त्यांच्या हातातून फोटो घेतला आणि पदरानं पुसला.

"असरच्या नमाजीनंतर," ती म्हणाली. "पण आधी पैठणच्या कब्रस्तानात चला, भाईजान. अम्मीला मिट्टी द्यायची तुमची राहिलीय."